दहावी सही

इंग्लंडमधल्या आमच्या कॉलकॉट गावात थर्झाबाई लक्स्टनना माणसांच्या आधी कुत्री ओळखायची, आणि त्यातली सात-आठ त्यांना चावलेलीही होती. पक्षाची पत्रकं घरोघर टाकायची म्हणजे दाराच्या फटीतून बोटं आत घालावी लागतात, आणि फटीपलीकडे कोण दबा धरून बसलंय ते बाहेरून दिसत नाही. म्हणून बाई एक लाकडी उलथनं घेऊन फिरायच्या. पत्रक उलथन्याच्या टोकानं आत ढकलायचं. त्या उलथन्यावर दातांचे खोल व्रण होते. "ही सगळी हुजूर पक्षाची कुत्री," असं त्या म्हणायच्या. ते काही खरं नव्हतं. सगळ्यात वाईट चावा आमच्याच शाखेच्या चिटणिसाच्या कुत्र्यानं घेतला होता.

मी तेव्हा दुधाचा टँकर चालवायचो. १९८७ च्या निवडणुकीत एका दुपारी चहा प्यायला म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो, तो तेवीस वर्षं तिथेच राहिलो. लिबरल पक्षाचं गावातलं कार्यालय म्हणजे तेच स्वयंपाकघर. दर मंगळवारी संध्याकाळी तिथे चौदा माणसं पत्रकांच्या घड्या घालायची. बाईंचे यजमान स्टॅन्ली चहा करायचे, आणि बाई सगळ्यांच्या घड्या तपासत फिरायच्या.

"क्लेम, ही घडी आहे की गाईनं चघळलंय?"

"बाई, आत टाकल्यावर कोण बघतंय घडी?"

"तू बघत नाहीस म्हणून कुणीच बघत नाही असं नसतं."

त्यांचे वडील चांभारकाम करायचे आणि रविवारी चॅपलमध्ये प्रवचन द्यायचे. ते लिबरल, म्हणून बाई लिबरल. आमच्याकडे हे असंच चालतं. बाईंच्या लहानपणी पक्षाचे सगळे खासदार एका टॅक्सीत मावतील अशी थट्टा व्हायची. त्या टॅक्सीतल्या पक्षासाठी त्यांनी तरुण वयात पत्रकं वाटायला सुरुवात केली, आणि जिल्हा कौन्सिल झाली त्या १९७३ सालापासून आमच्या वॉर्डातली एकही निवडणूक अशी गेली नाही की मतपत्रिकेवर लिबरलांचं नाव नाही. चोवीस वर्षं तर आमचाच माणूस निवडून येत होता. बाकीची वर्षं हरलो, पण नाव होतं.

त्यांची खरी इस्टेट म्हणजे बुटांच्या खोक्यात ठेवलेली कार्डं. घरटी एक. कार्डावर बाईंच्या बारीक अक्षरात खुणा असायच्या: आपला, त्यांचा, डळमळीत. आणि काही कार्डांवर लाल फुली. लाल फुली म्हणजे या घरानं 'माझ्या दारात येऊ नका' म्हणून सांगितलंय. त्या घरी जायचं नाही, पत्रकही टाकायचं नाही, अगदी एका मतानं हरत असलो तरी नाही. मी नवा असताना एकदा फुलीच्या घरात नुसतं एक पत्रक सरकवलं, तर बाईंनी मला माफी मागायला परत पाठवलं. त्या घरच्या माणसाला काही कळेचना. त्यानं पत्रक न बघताच चुलीत घातलं होतं. परत आल्यावर मी कुरकुर केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मत मागणं ही भीकही नव्हे आणि दरोडाही नव्हे. येऊ नको म्हणाला, विषय संपला. त्याला वाटलं तर तो आपल्याकडे येईल."

"आणि फुली कधी पुसायची?"

"ती मी पुसत नाही. ज्यानं घालायला लावली तो पुसेल."

स्टॅन्ली २००३ मध्ये गेले. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर पक्ष हेच बाईंचं घरदार झालं. मंगळवारी संध्याकाळी चौदा कप मांडताना त्यांचा चेहरा उजळायचा, आणि नऊ वाजता सगळे उठले की त्या उगीचच कुणाला तरी थांबवून घ्यायच्या, "क्लेम, हा केक संपव, मला एकटीला काय करायचाय." मी तो केक पुष्कळ वेळा संपवला. फार चांगला नसायचा.

मग २०१० साल आलं. कुणालाच बहुमत मिळालं नाही, आणि पाच दिवसांच्या बोलण्यांनंतर आमच्या पक्षानं हुजूर पक्षाशी हातमिळवणी केली. पासष्ट वर्षांनी लिबरल माणसं मंत्री झाली. त्या रात्री बाईंनी शेरीची बाटली काढली. दोन घोटांत त्यांचे गाल लाल झाले, आणि त्या स्टॅन्लीच्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस का रे? टॅक्सीतून उतरलो आपण." आम्ही सगळे हसलो आणि आमच्यातले दोघंतिघं रडलेही. शेतकरी रेज पिडलर तेवढा हसला नाही. तो बाईंच्या वयाचा, जन्मभर लिबरल. तो म्हणाला, "थर्झा, कोंबडीनं कोल्ह्याशी सोयरीक केली की वरातीत पहिलं जेवण कुणाचं होतं, माहितीय ना?" आम्ही त्याला गप्प केलं.

डिसेंबरमध्ये विद्यापीठाची फी तिप्पट करायचा ठराव आला. आमच्या उमेदवारांनी निवडणुकीआधी, आम्ही अशी वाढ होऊ देणार नाही म्हणून पाट्या हातात धरून फोटो काढले होते. त्यातला एक फोटो असलेली पत्रकं मी स्वतः चारशे घरांत टाकली होती, माझ्या घरातही एक टाकलं होतं. माझी मुलगी रोवीना तेव्हा सोळा वर्षांची होती आणि तिनं तो फोटो आपल्या टेबलावर चिकटवला होता. ठरावाच्या दिवशी आमचे मंत्री वाढीच्या बाजूनं उभे राहिले. रोवीनानं फोटो टेबलावरून सोलून काढला आणि माझ्या हातात दिला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी तसाच बाईंकडे गेलो. सभासदपत्र त्यांच्या टेबलावर फाडलं. नको ते बोललो. तुम्ही खुर्चीसाठी पोरांना विकलंत म्हणालो, जसं काही मंत्रिमंडळात बाई बसल्या होत्या. त्या ऐकत होत्या. त्यांनाही तो ठराव मान्य नव्हता, लंडनला पत्रही लिहिलं होतं त्यांनी, पण ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. जाताना मी म्हणालो, "यापुढे माझ्या दारात पाऊल टाकू नका."

"बरं," बाई म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या थांबवतील, निदान केक तरी खाऊन जा म्हणतील. तसं काही झालं नाही.

त्यानंतर आमच्या गल्लीत त्या पत्रकं टाकायला यायच्या, पण माझं घर सोडून. शेजारच्या दारात उलथन्याचा टक असा आवाज व्हायचा, मग माझ्या फाटकावरून पावलं जायची, मग पलीकडच्या दारात टक. दुकानात भेट झाली की "नमस्कार, क्लेम," एवढंच. मी मान हलवायचो. चार वर्षं आम्ही असे वागलो, आणि या एवढ्याशा गावात तसं वागायला किती मेहनत लागते ते मलाच ठाऊक.

पक्षाची तर धूळधाण चालू होती. २०११ मध्ये आमचा कौन्सिलर पडला. मंगळवारची चौदा माणसं आधी नऊ झाली, मग तीन, मग तीही येईनाशी झाली. तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती उरलेलं धुपाटणं बाई एकट्या घेऊन बसल्या. तरी मंगळवारी त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागलेला मला गल्लीतून दिसायचा. मी त्या रस्त्यानं मुद्दाम जात होतो असं नाही. म्हणजे, जात होतो.

मे २०१५ मध्ये संसदेची आणि जिल्हा कौन्सिलची निवडणूक एकाच दिवशी आली. आमच्या वॉर्डात कौन्सिलची एकच जागा. लिबरलांकडून उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या बाईंनी स्वतःचं नाव घातलं. उमेदवारी अर्जावर वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात. पूर्वी आम्ही त्या एका संध्याकाळी चहाच्या टेबलावर गोळा करायचो, वर दोन-तीन जादा घ्यायचो. आता त्या दहासाठी बाई तीन आठवडे दारोदार फिरत होत्या.

"हरायचंच आहे, तर कशाला एवढा खटाटोप?" दुकानातल्या मुलीनं त्यांना विचारलं. मी तेव्हा मागे पावाच्या फळीशी उभा होतो.

"हरायचं तर आहेच गं," बाई म्हणाल्या. "पण नाव पाहिजे. मतपत्रिकेवर नाव नसलं की लोक समजतात, मेले ते. एकदा मेले असं समजले की पुन्हा कुणी विचारत नाही."

त्यांच्या अर्जावर कुणी कुणी सही केली ते गावाला पाठ होतं. पहिली त्यांची स्वतःची. कायद्याची त्याला हरकत नव्हती. चॅपलमधल्या सहाजणी. दुकानातली मुलगी, तिला बाईंची दया आली म्हणून. रेज पिडलरनं आधी फाटकातूनच सुनावलं, "थर्झा, लग्न तुमच्या लोकांनी केलं, आता नांदवून घ्या." मग गुरांना चारा घालून झाल्यावर ट्रॅक्टर घेऊन स्वतः बाईंच्या घरी गेला आणि ट्रॅक्टर चालूच ठेवून सही करून आला. अशा नऊ झाल्या. दहावी, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आयव्ही वेस्टअवे काकूंची.

आयव्ही काकूंनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. घोटाळा तिथेच झाला. आदल्या आठवड्यात हुजूर पक्षाचा उमेदवार टोबी हर्डिंग त्यांच्याकडे गेला होता आणि त्यांनी त्याच्याही अर्जावर सही केली होती. जागा एकच असली की एका मतदाराची एकाच अर्जावरची सही चालते; जो अर्ज आधी पोचला त्याच्यावरची. टोबीचा आधी पोचला होता. बाईंनी जन्मभर दुसऱ्यांना विचारून घ्यायला शिकवलं होतं की आधी कुठे सही केलीत का, पण दहावी सही मिळाल्याच्या आनंदात तो प्रश्न त्यांच्याकडूनच राहून गेला.

नऊ एप्रिल, गुरुवार, दुपारी चारपर्यंत मुदत. बाई दोन वाजता कौन्सिलच्या कचेरीत पोचल्या. तिथल्या माणसानं यादी तपासली आणि सांगितलं की ही सही चालणार नाही, आणखी एक आणा, दोन तास आहेत. कचेरी आमच्या गावापासून आठ मैलांवर.

तीन वाजता आयव्ही काकूंचा मला फोन आला. रडत होत्या.

"क्लेम, मी फार मोठी चूक केली रे. थर्झा आत्ता येऊन गेली. रागावलीसुद्धा नाही."

"काकू, दोघांच्याही अर्जावर कशी सही केलीत तुम्ही?"

"अरे, टोबीच्या आजीबरोबर मी शाळेत होते. आणि थर्झा तर थर्झाच. पोरगं पेन घेऊन दारात उभं राहिल्यावर काय दार लावू? आता तिला एक सही पाहिजे. सगळे कामावर गेलेत, दुपारी कोण सापडणार? मी म्हटलं, क्लेम घरी असतो, त्याच्याकडे जा."

"मग? काय म्हणाल्या?"

"स्कार्फ बांधला आणि गेली."

मी फोन ठेवला. निवृत्त माणूस, घरीच होतो. बायको शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला गेलेली. आता इथे मी सरळ उठून बाईंच्या घरी जायला हवं होतं. अडीचशे पावलं आहेत. पण माझ्या डोक्यात चार वर्षांचं साचलेलं होतं. मी ठरवलं, येऊ दे. दारावर थाप पडू दे. आधी चार शब्द ऐकवीन, रोवीनाच्या टेबलावरच्या फोटोचं सांगीन, आणि मग सही करीन. सही करायचीच होती, त्यात शंका नव्हती. मी पेनसुद्धा काढून ठेवलं, कागदावर रेघ ओढून चालतंय का ते पाहिलं. बोलायची वाक्यं दोनदा मनात म्हणून घेतली.

तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांची गाडी आली. मी पडद्याआड उभा होतो. बाई उतरल्या, हातात अर्ज अडकवलेली पाटी होती, आणि फाटकाच्या कडीवर त्यांनी हात ठेवला. तो हात तिथे बराच वेळ होता. मग त्या गाडीकडे वळल्या. पुढच्या सीटवर बुटांचं खोकं होतं. त्यात बोटं फिरवून त्यांनी एक कार्ड उपसलं, चष्मा वर करून वाचलं. परत खोक्यात ठेवलं. गाडी सुरू झाली आणि गेली.

त्यांच्यामागे मी पळत गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. माझी गाडी दारातच उभी होती. टँकर चालवलेला माणूस मी, आठ मैलांत त्यांना तीनदा गाठलं असतं. पण मी उभाच राहिलो. त्या पुन्हा येतील, असं स्वतःला सांगत राहिलो, एवढ्या अडल्यात तर येतीलच. मग चार वाजले.

टोबी हर्डिंग बिनविरोध निवडून आला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पुढचे चार आठवडे मी बाईंना टाळलं. म्हणजे पूर्वीही टाळतच होतो, पण तेव्हा माझी मान ताठ होती.

सात मे उजाडला. गावच्या सभागृहात मतदान. आमच्याकडे दारापाशी प्रत्येक पक्षाचा एकेक माणूस खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्यांना मतदार क्रमांक विचारून कागदावर लिहितो. तासाभरानं कुणीतरी तो कागद पक्षाच्या कार्यालयात नेतं, म्हणजे आपल्यापैकी कोण अजून आलं नाही ते कळतं आणि त्याला जाऊन उठवता येतं. मी सकाळी दहाला गेलो तर तिथे बाई बसलेल्या. छातीवर पक्षाचं नारिंगी फितीचं फूल लावलेलं, गुडघ्यावर शाल. कौन्सिलची निवडणूक गेली तरी संसदेची होतीच. शेजारी हुजूर पक्षाचा म्हातारा आपल्या थर्मासमधली कॉफी त्यांना देत होता.

"क्रमांक?" बाईंनी विचारलं.

"दोनशे सतरा," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. जसा काही मी कुणी परका.

आत मला एकच मतपत्रिका मिळाली. "आणि दुसरी?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. टेबलामागच्या कारकुनानं डोळे वर करून पाहिलं. "कौन्सिलची? ती तुमच्याकडे बिनविरोध झाली ना." पडद्यामागे जाऊन मी बाईंच्या पक्षाला मत दिलं. त्यानं काही होणार नव्हतं. त्या रात्री देशभरात त्यांचे खासदार सत्तावन्नावरून आठ राहिले आणि आमच्या भागातला तर एकही उरला नाही. पण ते रात्री कळायचं होतं.

बाहेर आलो. हुजूर पक्षाचा म्हातारा पाय मोकळे करायला लांब गेला होता. मी त्याच्या खुर्चीवर बसलो.

"बाई, त्या दिवशी तुम्ही माझ्या फाटकापर्यंत आला होतात."

"हो."

"मग आत का नाही आलात?"

"कार्डावर फुली होती."

"चार वर्षांपूर्वीची! रागात बोललो होतो मी."

"कार्डावर राग लिहीत नाहीत, क्लेम. फुली लिहितात."

मी म्हणालो, "मी घरातच होतो. पेन काढून बसलो होतो. तुम्ही नुसती एक थाप मारली असतीत तर..."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पडदा हलत होता. मीही थोडा वेळ थांबले की. म्हटलं, उघडतोय का बघू."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी तो झेलला असता. राग नव्हता. त्या वहीतून कागद सोडवत होत्या, कारण तो भरला होता. उभ्या ओळींत सगळे क्रमांक, सर्वात खाली माझा. एवढं तरी आपण करू शकतो असं मला वाटलं. तेवीस वर्षं हेच तर माझं काम होतं.

"आणा तो कागद," मी हात पुढे केला. "पोचवून येतो."

"कुठे?"

"तुमच्या स्वयंपाकघरात. नेहमीसारखा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. लहान मुलाला समजावताना बोलतात तसं अगदी हळू बोलल्या.

"तिथे कोण घेणार रे तो? मी इथे बसलेय."